बाद फेरीचा सामना

बाद फेरी : जिंकेल तो संघ पुढे, हरेल तो स्पर्धेबाहेर. साखळी सामन्यांप्रमाणे पुढच्या लढतीत गुण मिळवून सावरण्याची सोय इथे नसते. जत्रेतल्या निकाली कुस्तीवरून हे चटकन उमगेल.

बाद फेरीचा असाच एक सामना म्हणजे २७ नोव्हेंबर २०२० रोजी कैरोत झालेली फुटबॉलच्या आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. अल् अहली आणि झमालेक हे कैरोचेच दोन क्लब, पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी. एकाच देशाचे दोन संघ या अंतिम फेरीत प्रथमच समोरासमोर आले, आणि नेमके तेव्हाच करोनामुळे प्रेक्षकांना मैदान बंद होते. पाचव्या मिनिटाला अहलीच्या अम्र अल् सुलैयाने गोल केला, एकतिसाव्या मिनिटाला शिकाबालाने झमालेकला बरोबरी साधून दिली. सामना जादा वेळेत जाणार असे वाटत असताना ८६व्या मिनिटाला मोहम्मद मगदी ऊर्फ अफशाने पेनल्टी क्षेत्राबाहेरून फटका मारला आणि चेंडू जाळ्यात गेला. अहलीने २-१ अशा विजयासह नववे विजेतेपद मिळवले.

एकाच शहरातली अशी चुरस आपल्याकडे पाहायची असेल तर कोल्हापूरचे शाहू स्टेडियम गाठावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावाने तिथे फुटबॉलचे संघ उतरतात आणि त्यांच्यामागे अख्ख्या पेठा उभ्या राहतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

— संपादक