व्हेरिएशन, डेव्हिएशन आणि अलिबागची बिनलोखंडी इमारत

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका सेमिनारसाठी सारांश लिहिला होता. दोन ठिकाणच्या चुंबकीय नोंदी जोडून एक सलग मालिका कशी तयार होते, असा विषय. त्यात एक वाक्य होतं, 'द सिरीज वॉज मेड अप'. मला म्हणायचं होतं की ही मालिका दोन वेधशाळांच्या नोंदी मिळून बनली आहे. गाइडनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे आकडे तू मनाने घातलेस का?"

'मेड अप ऑफ' म्हणजे अमुक गोष्टींनी बनलेलं. पुढचं 'ऑफ' गळलं की 'मेड अप' म्हणजे रचलेलं, बनावट. एवढासा शब्द राहिला आणि मी स्वतःवरच डेटा बनवल्याचा आरोप करून बसले होते.

मग नेहमीचा उपाय केला. गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या आणि फ्रेझल व्हर्ब्ज यांच्या याद्या पाठ करायला घेतल्या. महिन्याभरात निम्म्या विसरले. शब्द खरे डोक्यात बसले ते ज्या नोंदींवर काम करत होते, त्यांचा इतिहास वाचताना. म्हणून आज यादी देत नाही, त्या वेधशाळेची गोष्ट सांगते.

कुलाबा नेमका कोणता?

पहिला गोंधळ नावाचाच. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली मुंबईत कुलाब्याला वेधशाळा काढली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध तिथे १८४१ पासून सुरू झाले. पण अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच, आणि आजचा रायगड जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता. मराठीत तिन्ही नावं सारखी. इंग्रजीत मात्र मुंबईचा कुलाबा 'सी' ने लिहितात आणि किल्ला, जिल्हा 'के' ने.

लायब्ररीत शोधताना हा एका अक्षराचा फरक महत्त्वाचा ठरतो. १८८३ च्या 'के'वाल्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये 'सी'वाल्या वेधशाळेचे आकडे शोधण्यात मी एक दुपार घालवली आहे. गंमत म्हणजे १९०४ साली चुंबकीय वेधांचं काम मुंबईहून अलिबागला हललं, म्हणजे एका कुलाब्यातून दुसऱ्या कुलाब्यात आलं! संदर्भ वाचताना साल बघितल्याशिवाय 'कुलाबा' शब्दावर विश्वास ठेवू नका.

केरुनाना आणि डेक्लिनेशन

या वेधशाळेत सुरुवातीच्या काळात प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम करणारा एक तरुण सहायक अलिबागजवळच्या नागावचा होता. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरुनाना. पुढे ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, टिळकांना त्यांनी शिकवलं आणि १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ लिहिला. त्यांचे चुलते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे. १८२८ साली 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' मराठीत आणणारे तेच.

केरुनाना नोकरीला लागले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी कशी होती, याचा विचार करून बघा. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश छापला गेला १८४७ साली. म्हणजे वेधशाळेतली सुरुवातीची वर्षं त्या कोशाशिवायच गेली. आणि कोश असता तरी सगळं सुटलं असतं असं नाही. उदाहरण घ्या 'डेक्लिनेशन'.

खगोलशास्त्रात डेक्लिनेशन म्हणजे एखादा तारा खगोलीय विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. आपल्याकडे याला क्रांती हा शब्द आहे. चुंबकत्वात डेक्लिनेशन म्हणजे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती बाजूला वळते ते. मराठीत याला दिक्पात म्हणतात. मूळ लॅटिन अर्थ एकच, ठरलेल्या रेषेपासून कलणं. एकीकडे तारा कलतो, एकीकडे सुई. वेधशाळेत तारेही बघायचे आणि सुयाही, त्यामुळे हा शब्द दोन्ही अर्थांनी भेटणार. त्यातच 'इन्क्लिनेशन' येतं, म्हणजे सुई क्षितिजाच्या पातळीपासून किती खाली झुकते ते. मराठीत नती, आणि जुन्या इंग्रजी नोंदींत 'डिप'.

इथे मला एक गोष्ट कळली. इंग्रजीने जिथे एका शब्दात दोन अर्थ भरलेत, तिथे मराठीत क्रांती आणि दिक्पात असे दोन शब्द आहेत. आपली परिभाषा ही परीक्षेपुरती पाठ करायची गोष्ट समजतो आपण, पण इंग्रजीतला गोंधळ सोडवायला तीच कामाला येते. शंका आली की मराठी शब्द आठवायचा. दोन वेगळे आठवले तर समजायचं की इंग्रजी शब्दही दोन अर्थांचा आहे.

दोष कोणाचा, पृथ्वीचा की जहाजाचा?

आता शीर्षकातली जोडी. दर्यावर्दी लोक दिक्पाताला डेक्लिनेशन म्हणत नाहीत, 'व्हेरिएशन' म्हणतात. एडमंड हॅली यांचा १७०१ चा अटलांटिकचा प्रसिद्ध नकाशा याच व्हेरिएशनचा. नौकानयनात हा शब्द आजही चालतो. 'डेव्हिएशन' मात्र वेगळं. जहाजातल्या स्वतःच्या लोखंडामुळे सुई जेवढी चुकते, ते डेव्हिएशन. सुई दोन्हीकडे हलतेच. पण व्हेरिएशन पृथ्वीमुळे, डेव्हिएशन आपल्याच लोखंडामुळे. दोन्हींची दुरुस्ती वेगळ्या रीतीने करावी लागते, आणि खलाशाने गल्लत केली तर गलबत खडकावर जाईल.

वेधशाळेत व्हेरिएशनला आणखी एक अर्थ आला, चुंबकीय क्षेत्रात दिवसभरात किंवा वर्षभरात होणारा बदल. पुढे संख्याशास्त्रात 'स्टँडर्ड डेव्हिएशन' आलं, आणि १९१८ साली फिशर यांनी 'व्हेरिअन्स' हा शब्द रूढ केला. त्यामुळे १८५० च्या अहवालात व्हेरिएशन दिसलं की आजच्या सवयीने त्याचा अर्थ व्हेरिअन्स असा लावू नका. शब्दाच्या आधी कागदाचं साल वाचा.

याच फरकातून अलिबागची वेधशाळा जन्माला आली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून परत जाताना काही जमिनीत झिरपतो आणि आजूबाजूला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. म्हणजे कुलाब्याच्या सुया पृथ्वीमुळे हलतायत की ट्राममुळे, हे कळेनासं झालं असतं. जहाजाच्या लोखंडाचीच ही मोठी आवृत्ती, फक्त इथे जहाजाच्या जागी अख्खं शहर.

तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी मुंबईपासून साधारण ३० किलोमीटरवर, अलिबागला नवी जागा निवडली. इमारत बांधताना लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ टाळले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले आणि मगच मुंबईचं काम थांबवलं. विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ ला.

कंटिन्युअल आणि कंटिन्युअस

या जोडीचा फरकही पुस्तकातून कधी पटला नव्हता. सुरुवातीला कुलाब्याला माणसं ठरावीक वेळी जाऊन डोळ्यांनी रीडिंग घेत. पुन्हा पुन्हा, पण मध्ये खंड पडत. हे कंटिन्युअल. १८७० च्या दशकात फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी उपकरणं आली. ती रेघ न तुटणारी. हे कंटिन्युअस.

फरक किरकोळ वाटेल, पण २ सप्टेंबर १८५९ ची नोंद बघा. त्या दिवशीच्या महावादळात कुलाब्याला क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अलेक्स यांनी २००३ साली या नोंदी पुन्हा अभ्यासल्या आणि त्या जगभर चर्चेत आल्या. पण त्या डोळ्यांनी घेतलेल्या आहेत. दोन रीडिंगच्या मधल्या मिनिटांत सुईने काय केलं, ते कागदावर नाही. प्रबंधात त्या नोंदींना कंटिन्युअस म्हटलं, तर नसलेल्या माहितीवर दावा होतो.

लिहून घेणे, लिहून ठेवणे, लिहून काढणे

फ्रेझल व्हर्ब्ज आपल्याला परकी वाटतात, कारण क्रियापद ओळखीचं आणि शेपटाने अर्थ फिरवलेला. पण मराठीत आपण हेच दिवसभर करतो. वेधशाळेतल्या सहायकाने रीडिंग लिहून घेतलं, वहीत लिहून ठेवलं, महिनाअखेर अहवाल लिहून काढला. लिहिणं एकच, पण 'घेणे' मध्ये समोरून येणारं टिपणं आहे, 'ठेवणे' मध्ये पुढची सोय आहे, 'काढणे' मध्ये काम पुरं करणं आहे. इंग्रजीत हेच टेक डाउन, नोट डाउन, राइट अप. यातलं 'अप' बऱ्याचदा आपल्या 'काढणे', 'टाकणे' सारखं काम पुरं झाल्याचं सांगतं.

मूस यांच्या त्या दोन वर्षांवर एक वाक्य करून बघा. दोन्ही ठिकाणी वेध 'कॅरी ऑन' केले, म्हणजे चालू ठेवले. त्यांची तुलना 'कॅरी आउट' केली, म्हणजे पार पाडली. त्यामुळे जुनी मालिका अलिबागला 'कॅरी ओव्हर' करता आली, म्हणजे पुढे नेता आली. तीन शेपटं, तीन कामं. अशी एका घटनेत बांधली की विसरत नाहीत.

एक धोक्याची जोडीही सांगून ठेवते. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर फिरवून तपासणं, 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणं. गाइडना ईमेलमध्ये 'प्लीज ओव्हरलुक माय ड्राफ्ट' लिहिणारे मी पाहिलेत. गाइडनी ती विनंती अक्षरशः पाळली तर तक्रार कोणाकडे करणार?

मग करायचं काय?

मी आता एक वही ठेवते. त्यात शब्दाच्या जोडीपुढे तिचा अर्थ लिहीत नाही. तो फरक चुकला तर माझ्या कामात नेमकं काय बिघडेल, ते लिहिते. व्हेरिएशन-डेव्हिएशनपुढे लिहिलंय, 'दोष पृथ्वीचा की माझा?' कंटिन्युअसपुढे, 'मधली मिनिटं आहेत का?' सोबत मराठी शब्द आणि जिथे भेटला त्या कागदाचं साल. ज्या जोडीपुढे काहीच बिघडत नाही असं दिसतं, ती खुशाल सोडून देते.

इंग्रजी कच्ची असण्याची लाज बाळगू नका. हे फरक जन्मतः कोणालाच येत नाहीत. काम करताना कोणाची तरी गल्लत झाली, नुकसान झालं, म्हणून दोन शब्द वेगळे ठेवावे लागले.

माझं ते पहिलं वाक्य आता प्रबंधात दुरुस्त होऊन बसलंय, 'द सिरीज इज मेड अप ऑफ कुलाबा अँड अलिबाग रेकॉर्ड्स'. कुलाबा अर्थात 'सी' ने.