पाय न धरता

आबांचे दोन्ही कान मोडलेले होते. लहानपणी मी ते चाचपायचो, तर आत चिंचोके भरल्यासारखे कडक लागायचे. आबा काही नावाजलेले पैलवान नव्हते. आसपासच्या जत्रांत पाच-दहा रुपये इनामाच्या कुस्त्या केल्या आणि लग्नानंतर शेतीला लागले. पण कुस्तीवरच जगणारी माणसं त्यांनी जवळून पाहिली होती. जत्रांचा हंगाम आला की कुंडल म्हणू नका, औंध म्हणू नका, एकेक मैदान करायचं. मिळालेलं इनाम दूध-बदामात घालायचं. गुडघा दुखावला की त्या वर्षीची कमाई बुडाली. हलगी घुमायला लागली की आबांचा हात अजून आपोआप मांडीवर पडायचा.

खाशाबा जाधवांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा 1948 साली लंडनला सहावा आला. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, आणि खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. आबा ती गोष्ट भरभर उरकायचे. त्यांना पुढे जाकार्ताला जायची घाई असे.

नकाशात जाकार्ता कुठं आहे हे कळण्याआधी तो शब्द मी आबांच्या तोंडून ऐकला होता. 1962 च्या आशियाई स्पर्धा. त्या वर्षीचं फुटबॉलचं सुवर्ण लोकांच्या लक्षात आहे, मिल्खासिंगचंही आहे. पण त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या दोन पैलवानांनी मिळून चार पदकं जिंकली, हे आज जिल्ह्यातल्या किती पोरांना ठाऊक असेल? शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने. मान्यांनी 97 किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि ग्रीको-रोमनचं रौप्य. आंदळकरांचं उलटं झालं. त्यांनी त्याहून वरच्या गटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य घेतलं.

हे ग्रीको-रोमन आबांना छळायचं. त्यात कमरेखाली धरता येत नाही आणि पायानं डावही करता येत नाही. आमच्या हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद मुरवून घडलेली कुस्ती म्हणजे पट काढणं आणि टांग मारणं. त्यात भर म्हणजे मातीत दोन्ही खांदे टेकवले की कुस्ती निकाली, मॅटवर मात्र खांदे टेकले नाहीत तर गुणही मोजायचे आणि घड्याळ बघायचं. "अरं, पाय धरायचाच न्हाई म्हंजी कसली कुस्ती? निम्मा पैलवान बांधूनच ठेवला की!" असं म्हणून आबा थांबायचे आणि मग हळूच पुढचं वाक्य टाकायचे, "आन् तरी आणलंच."

त्या 'तरी'त केवढं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. पदक मोजणं सोपं असतं. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय आखाड्यात उभं राहून दाबून धरणं सोपं नसतं.

मारुती माने 1964 साली हिंदकेसरी झाले. आंदळकरांना तो मान 1960 मध्येच मिळाला होता आणि 1964 मध्ये अर्जुन पुरस्कारही मिळाला. मान्यांनी 1970 च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत आणखी एक रौप्य आणलं. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2005 साली, जाकार्तानंतर त्रेचाळीस वर्षांनी. 2010 च्या जुलैत ते गेले. मला हा उशीर अजून सलतो. वाट पाहणाऱ्याचं वय थांबत नसतं.

आबा तेव्हा नव्हते. पण मी सातवीत असताना एकदा त्यांनी मला अंगणात उभं केलं होतं. "माझं पाय धरायचं न्हाईत, मीबी तुझं धरत न्हाई," म्हणाले, आणि काखेखालून दोन्ही हात घालून पाठीमागं कुलूप घातलं. तंबाखूचा आणि कडब्याचा वास आला. मी धडपडलो, वळलो, खाली बसायला बघितलं. पाय मोकळे होते, पण जमिनीला पुरत नव्हते.

"सुट आता," आबा कानाशी म्हणाले.