रक्तात उरलेला लेख

१/ जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचा लेख कातळावर कोरलेला आहे. साथींनी मात्र असे लेख क्वचितच मागे ठेवले. मग त्यांचा माग कुठे काढायचा? एक उत्तर आहे: माणसाच्या रक्तात.

२/ विषाणूशी झुंजताना शरीर प्रतिपिंडे घडवते. रोग सरतो, प्रतिपिंडे अनेकदा वर्षानुवर्षे उरतात.

३/ १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र (आजची एनआयव्ही) स्थापन झाले. त्याच काळात भारतीयांचा रक्तद्रव विषाणूंत मिसळून उंदरांना टोचला गेला. उंदीर वाचले, तर त्या रक्तात प्रतिपिंडे होती. स्मिथबर्न व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये निष्कर्ष छापले: १९६ पैकी ३३ नमुन्यांत झिकाला रोखणारी प्रतिपिंडे.

४/ म्हणजे झिका तेव्हाच इथे होता? थांबा. डेंग्यू हा झिकाचा भाऊबंद. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही अडवू शकतात. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण नोंदला गेला तो २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातील बेलसरला.

५/ नाणेघाटच्या लेखातील काही अक्षरे झिजली आहेत. तिथे अभ्यासक अंदाज आणि पुरावा वेगळे ठेवतात. रक्तातला लेख वाचतानाही तीच शिस्त हवी.