‘होलसेल’मधील मूक ‘ई’

इंदूरमधील सियागंज ही घाऊक बाजारपेठ किराणा मालासाठी ओळखली जाते, आणि अशा पेठेत कानावर पडणाऱ्या ‘होलसेल’ या शब्दातच इंग्रजी वाचनशिक्षणाचा एक जुना पेच दडलेला आहे. रोमन लिपीत या शब्दातील ‘होल’ आणि ‘सेल’ या दोन्ही भागांच्या अखेरीस ‘ई’ हे अक्षर येते. ते स्वतः उच्चारले जात नाही, परंतु आधीच्या ‘ओ’ व ‘ए’ यांचा उच्चार त्यांच्या अक्षरनामाप्रमाणे करावा, हे वाचकाला सुचवते. या खुणेमुळेच ‘मॅड’चे ‘मेड’ होते.

अक्षरनामाप्रमाणे होणाऱ्या अशा उच्चाराला इंग्रजी वाचनशिक्षणात दीर्घ स्वर म्हणतात. मराठीत दीर्घ स्वर म्हणजे अधिक काळ उच्चारला जाणारा स्वर, आणि तो देवनागरीत स्वतंत्र मात्रेने दाखवला जातो. इंग्रजीत मात्र दीर्घ म्हटला जाणारा स्वर मुळातच वेगळा ध्वनी असतो. सुमारे 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले, ज्याला भाषाशास्त्रात महास्वरपरिवर्तन म्हणतात. त्याच सुमारास छपाईमुळे लेखन बऱ्याच अंशी गोठले, म्हणून अक्षर आणि उच्चार यांच्यात अंतर पडले.

महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जाऊ लागली. एवढ्या लहान वयात नुसते स्पेलिंग घोकून घेण्याऐवजी ‘रॅट’ आणि ‘रेट’ अशा जोड्या ऐकवून, वाचवून आणि लिहवून घेणे, हाच अधिक न्याय्य मार्ग आहे.