तळटीप : कानाची ‘आतली नळी’

* आतली नळी : मूळ मजकुरातला हा शब्द फसवा आहे. बाहेरून कर्णपटलापर्यंत जाते ती बाह्य कर्णनलिका, मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर. नाकामागच्या घशातून मध्यकर्णात येते ती वेगळी. एउस्ताकी या १६व्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव तिला चिकटले आहे. खऱ्या अंतर्कर्णातल्या नळ्या याहून खोल, कवटीच्या कठीण हाडात कोरलेल्या. लेखकाला कोणती अभिप्रेत आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. इथे चक्कर येण्याची गोष्ट आहे, म्हणजे तिसरी.

मध्यकर्णातली तीन हाडे भंडाऱ्याच्या वाचकाला परकी वाटू नयेत. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात हातोडी आणि ऐरण कुणाला समजावून सांगायला नको. शरीरशास्त्रज्ञ वेसालियसलाही पहिल्या दोन हाडांत याच वस्तू दिसल्या. तिसरे हाड रिकीब. प्राचीन रोमनांकडे रिकीब नव्हतीच, त्यामुळे तिचे लॅटिन नावही नंतर घडवावे लागले.

अंतर्कर्णात ऐकण्याचे काम करते ती सुमारे पावणेतीन वेढ्यांची नळी. तिचे पाश्चात्त्य नाव गोगलगायीच्या शंखावरून आलेले. पावसाळ्यात धानाच्या बांधीत चिखलावरून सरकणारी गोगलगाय हाती घेऊन पाहावी, आकार तोच.

शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका ऐकण्याच्या कामी येत नाहीत. त्या एकमेकींशी जवळपास काटकोनात असतात आणि डोके वळले की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो. जत्रेतल्या चक्रीपाळण्यातून उतरल्यावरही मैदान फिरत राहते, ते यांच्यामुळेच.