कचेरीचा उंबरठा आणि जोडा

रायपूरच्या चौबे कॉलोनीत, जेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तेथील मराठी घरात संध्याकाळी परतणारा अधिकारी आपले काळे बूट दाराशी उतरवितो आणि सकाळी तेच चढवून कचेरीत शिरतो. एकाच जोड्याला एका उंबरठ्यावर मज्जाव, दुसऱ्यावर मात्र आग्रह. ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे सरकारी ठराव आहेत, न्यायालयातील तंटे आहेत, याची सहसा कोणाला आठवणही होत नाही.

आपली जुनी कचेरी बैठकीची होती. जाजम, गादी, लोड, पुढ्यात लिहिण्याची उतरती पेटी. कारकून मांडी घालून लिहीत असे. तेथे धुळीने माखलेला जोडा बाहेर राहणे हे रीतीचे होते तसेच सोयीचेही होते. इंग्रज आला तो मेज आणि खुर्ची घेऊन. बसण्याची तऱ्हा बदलली, जाजम गेले. परंतु एतद्देशीयाने साहेबापुढे अनवाणी यावे ही अपेक्षा मात्र गेली नाही. साहेब स्वतः बूट घालूनच बसलेला असे! रीतीमागचे कारण निघून गेले होते. उरला होता तो केवळ मान, आणि तोही एकतर्फी.

1854 हे साल या प्रांतीच्या मराठी माणसास निराळ्या कारणाने ठाऊक असते. आदल्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले, डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीच्या ताब्यात गेले. त्याच डलहौसीच्या सरकारने त्याच वर्षी जोड्यांसंबंधी ठराव केला. सरकारी व निमसरकारी प्रसंगी हिंदी गृहस्थांनी युरोपीय धर्तीचे बूट घातले असतील, तर ते पायांत राहू देण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय. देशी जोडा असल्यास तो पूर्ववत बाहेरच. ठराव सवलतीचा दिसतो खरा. पण मान माणसाला नव्हे, चामड्याच्या घाटाला मिळाला, हे उघड आहे. त्या काळच्या नोकरदारांच्या छायाचित्रांत डोक्यावर पगडी, अंगात लांब कोट आणि पायांत विलायती बूट असा जो थाट कित्येकदा दिसतो, त्याला आपण हौस म्हणून हसतो. ती सगळीच हौस नसावी. लाल पुणेरी जोडा कितीही उंची असला तरी या ठरावाच्या हिशेबी तो उंबरठ्याबाहेरचाच होता.

ही बाब सर्वांनी मुकाट्याने सोसली असेही नाही. 1862 साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी हे पारशी असेसर जोड्यानिशी आत जाऊ लागले, तेव्हा त्यांना अडविण्यात आले. त्यातून जो वाद उसळला तो ‘जोड्याचा महाप्रश्न’ म्हणून इतिहासात राहिला. 1874 साली युरोपीय बुटांची मुभा अधिक व्यापक करण्यात आली. परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या दाराशी ईश्वरचंद्र विद्यासागरांना थांबविण्यात आले होते. त्यांच्या पायांत साधी बंगाली चटी होती. बरोबरचे बूटधारी गृहस्थ आत जाऊ शकत होते. हा विद्वान मात्र चटी काढण्यास नकार देऊन परतला, आणि पुढे त्याने पत्र लिहून जाब विचारला.

याच सरकारची दुसरी बाजू ब्रह्मदेशात दिसली. मंडालेच्या दरबारात रीत जुनीच होती: जोडे काढावे, जमिनीवर बसावे. 1875 मध्ये सर डग्लस फॉर्सिथ यांनी राजा मिंडॉनपुढे ती पाळली. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने आपल्या प्रतिनिधींस ती पाळण्याची मनाई केली, आणि राजाने भेटी बंद केल्या. पुढील युद्धास इतरही कारणे होती. तथापि राजाशी समोरासमोर बोलण्याचा मार्ग बंद झाला तो जोड्यापायी. 1885 साली राज्य गेले, आणि मिंडॉनचा पुत्र थिबा रत्नागिरीस बंदिवान म्हणून आला; 1916 साली तेथेच वारला.

इंग्रजांवर हा दोष ठेवताना आपल्या गावांकडेही पाहिले पाहिजे. वरच्या जातीच्या वाड्यावरून जाताना अस्पृश्याने वहाणा काढून हातात घ्याव्यात, ही रीत साहेबाने आणलेली नव्हती. तेथे बैठक नव्हती, जाजमही नव्हते. उघडा रस्ता होता. जो कारकून कचेरीच्या दाराशी जोडा काढताना मनात जळत असे, त्याच्याच दारावरून कोणी अनवाणी जात असे, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नसे. त्या माणसाला 1854 चा ठराव उपयोगी नव्हता. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणारा 1989 चा कायदा 2015 मध्ये सुधारण्यात आला, तेव्हा सार्वजनिक जागी पादत्राणे घालण्यास त्यांना अडविणे हा गुन्हा म्हणून त्यात शब्दशः लिहावे लागले. 26 जानेवारी 2016 पासून ते कलम अमलात आहे, आणि ते राबविण्याचे काम जिल्ह्याच्या कचेऱ्यांकडे आहे.