हेलियमचा पत्ता

विजयदुर्गाला गेलात की किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' हमखास दाखवले जातात. सोबत गोष्टही ऐकायला मिळते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी लॉकियर नावाच्या साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला! म्हणजे आवर्तसारणीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मूलद्रव्याचं जन्मगाव आपलं कोकण. ऐकून बरं वाटतं, कुणालाही वाटेल.

अडचण एकच आहे. त्या दिवशी नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होता.

त्या ग्रहणासाठी फ्रान्सहून जान्सन नावाचा शास्त्रज्ञ आला होता, पण तो उतरला गुंटूरला, आंध्रात. सूर्याच्या कडेवर ज्या ज्वाला उसळतात त्यांचा प्रकाश त्याने वर्णपटदर्शकातून पाहिला. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठराविक रंगाच्या रेषा देतं, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं जान्सनला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तसं करूनही दाखवलं. लॉकियरनेही स्वतंत्रपणे हेच साधलं, २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्ये बसून. दोघांचे वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. पुढे फ्रेंचांनी दोघांचे चेहरे असलेलं एक पदकच काढलं. भांडणं लागायच्या जागी असं काही घडलं की छान वाटतं, नाही?

त्या रेषांत एक पिवळी होती. सोडिअमच्या पिवळ्या जोडरेषेच्या जवळची, पण तिच्याशी न जुळणारी. पृथ्वीवरचं कुठलंच ज्ञात द्रव्य ती देत नव्हतं. लॉकियरने धाडस केलं आणि म्हणाला, हे नवं मूलद्रव्य आहे. ग्रीक 'हेलिऑस' म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम. तो धातू असावा अशी समजूत होती, म्हणून शेवटी सोडिअम-पोटॅशिअमसारखं 'इयम'. त्याची भावंडं निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन अशी 'ऑन'वाली. हा एकटाच वेगळ्या आडनावाचा का, असं मुलांनी विचारलं तर हे उत्तर.

आता गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, मेंडेलीव्हने आपली आवर्तसारणी मांडली. तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं, अणुभाराच्या चढत्या क्रमाने, गुणधर्म जुळतील अशी. जिथे जुळेना तिथे त्याने जागा रिकामी सोडली आणि तिथे कोण राहायला येईल हेही सांगितलं. १८७५ मध्ये गॅलिअम आलं, १८७९ मध्ये स्कँडिअम, १८८६ मध्ये जर्मेनिअम. हे आपण शाळेत शिकतो. पण त्या सारणीत हेलियमसाठी रिकामी जागासुद्धा नव्हती!

का? कारण रिकामी जागा शेजाऱ्यांवरून ओळखू येते. वर-खाली, डावी-उजवीकडे कोणी असेल तर मधली खोली कळते. इथे तर आख्खा गणच गायब होता. हे वायू सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत, मग रसायनशास्त्रज्ञांच्या हाती कसे लागणार?

१८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून अरगॉन वेगळा काढला. हा बसवायचा कुठे? मेंडेलीव्हला तर तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा अशी शंका होती. १८९५ मध्ये रॅमसेने क्लेवाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात घातलं. त्यातून जो वायू निघाला त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा! सत्तावीस वर्षं नुसतं नाव असलेलं मूलद्रव्य पृथ्वीवर सापडलं. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन मिळाले आणि या साऱ्या राजवायूंसाठी नवा उभा रकाना जोडला गेला. इमारत पडली नाही, एक दालन वाढलं. मेंडेलीव्हनेही शेवटी ते मान्य केलं.

तरी एक खटकत होतंच. अरगॉन वजनाने पोटॅशिअमहून किंचित जड, पण सारणीत त्याच्या आधी. हे कोडं सुटायला अणूच्या आत जावं लागलं. १९११ मध्ये रुदरफर्डने अणुकेंद्रक दाखवलं, सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण मारून केलेल्या प्रयोगांवरून. आणि अल्फा कण म्हणजे? हेलियमचं केंद्रक! दोन वर्षांनी मोझलीने क्ष-किरणांवरून दाखवलं की खरा क्रम वजनाचा नाही, केंद्रकावरच्या धनप्रभाराचा. हेलियमचा अंक दोन, इलेक्ट्रॉनही दोन. पहिल्या कवचात मावतातच दोन, ते भरलेलं. म्हणून त्याला कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. सगळ्यांपासून लपून राहिला तो या तृप्तीमुळे.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकियर तिथे आला होता, अगदी खरं आहे. पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं होत आली होती. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. चुकली ती फक्त तीस वर्षं.

देवगडकडच्या नातेवाइकांनो, रागावू नका. किल्ल्याची शान यात कमी होत नाही. मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच १८९८ च्या ग्रहणाचा वेध घ्यायला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला गेले होते. आपला माणूस, आपल्या मातीवर, खरीखुरी निरीक्षणं. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? न घडलेल्या गोष्टीचा अभिमान आपण जपला आणि घडलेली विसरलो.

सारणीत प्रत्येकाला त्याची नेमकी जागा मिळायला पन्नासेक वर्षं लागली. इतिहासातही तेवढी चिकाटी दाखवायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी मुलांना विजयदुर्गावर नेलंत तर ओटे जरूर दाखवा. फक्त साल १८९८ सांगा. आणि जमलं तर जेऊरचीही गोष्ट सांगा.